मान दुखते आणि उभं राहिल्यावर तोल जातो? आधी काय तपासायचं, मग काय करायचं

मान दुखते आणि उभं राहिलं की हेलकावल्यासारखं होतं, जमिनीवर पाय नीट टेकलाय असं वाटत नाही. ही तक्रार घेऊन फिजिओथेरपिस्टकडे येणाऱ्या बहुतेकांनी तोवर दोन उद्योग करून पाहिलेले असतात. मान गोल गोल फिरवलेली असते आणि कुठल्यातरी व्हिडिओत बघून डोळे मिटून एका पायावर उभं राहिलेलं असतं. पहिल्याने दुखणं वाढतं, दुसऱ्याने पडायची भीती बसते. गडबड मुख्यतः क्रमाची आहे. म्हणून खालचे टप्पे लिहिलेत त्याच क्रमाने करा.

क्रम का, हे कळायला थोडं आतलं गणित. तोल सांभाळण्यासाठी मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि सांधे-स्नायूंमधली जाणीव. कवटीच्या लगेच खाली मानेत जे छोटे, खोल स्नायू आहेत त्यांत ताण ओळखणारे संवेदक फार दाटीने असतात. डोकं हललं एवढं कानाला कळतं. ते एकटं वळलं की धडासकट, हे मान सांगते. मान दुखू लागली की हे खोल स्नायू अंग काढून घेतात, वरवरचे स्नायू आखडतात आणि मानेकडून जाणारी माहिती डोळ्यांच्या आणि कानाच्या माहितीशी जुळेनाशी होते. मग उभं असताना शरीर नेहमीपेक्षा जास्त डुलतं, विशेषतः डोळे मिटल्यावर किंवा पाऊल पावलापुढे ठेवल्यावर. गाडीला मागून धडक बसून मानेला हिसका बसलेल्यांत हे जास्त दिसतं.

## टप्पा १: हे मानेचंच आहे का?

हा टप्पा सगळ्यात मोठा आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चाळिशीनंतर कुणालाही चक्कर आली की मानेचा एक्स-रे निघतो, त्यात ‘गॅप कमी झालाय’, ‘हाड वाढलंय’ असं काहीतरी दिसतं आणि सगळं खापर स्पॉन्डिलायटिसवर फुटतं. पण वयानुसार असे बदल मान कधीच न दुखलेल्या लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसतात. एक्स-रेवरून चक्कर मानेची आहे असं ठरत नाही. ते ठरतं चक्कर कशी येते, कधी येते आणि किती वेळ टिकते यावरून.

लगेच १०८ ला फोन करा, व्यायामाचा विचारही नको: अचानक आलेली, पूर्वी कधीच नव्हती अशी मानेची किंवा डोक्याच्या मागची तीव्र कळ आणि तिच्यासोबत जीभ जड होणं, चेहरा वाकडा होणं, एकाचे दोन दिसणं, गिळायला त्रास, एका बाजूला बधिरपणा किंवा चालताना एकाच बाजूला झोक जाणं. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊनही असं होऊ शकतं. न्हाव्याकडे मान ‘मोडून’ घेण्याची हौस असेल तर ती आजपासून बंद.

याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा: शर्टाची बटणं लावता येईनात, मंगळसूत्राचा आकडा अडकवता येईना, हातातून वस्तू सुटू लागल्या, पाय कडक होऊन अडखळू लागले, मान खाली वाकवली की पाठीत विजेसारखा झटका जातो, लघवी धरवत नाही. यातलं काहीही असेल तर मानेत मज्जारज्जूवर दाब येतोय का हे पाहावं लागतं. घरचे व्यायाम इथे वेळ घालवतात.

आता रोजच्या गोंधळाची चार कारणं.

कानातले खडे (तोलाच्या अवयवातले सूक्ष्म कण) सरकणं. अंथरुणात कूस बदलली, आडवं झालं किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की खोली गरगर फिरते आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबते. मान वर केल्यावर होतं म्हणून लोक मानेला दोष देतात. पण कूस बदलताना गरगरत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. डोकं ठरावीक पद्धतीने वळवून हे खडे परत जागेवर आणता येतात आणि अनेकांना एक-दोन भेटींत आराम पडतो. मानेचे व्यायाम करून हे खडे जागेवर येत नाहीत.

रक्तदाब. झोपून किंवा बसून उठल्यावर काही सेकंद अंधारी येते. घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा, उभं राहिल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे न चुकता करावं.

पायांची जाणीव. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनपाशी तोल जातो, अंधारात चालताना भिंत धरावी लागते, तळव्यांना मुंग्या येतात किंवा चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता तपासून घ्या. वर्षानुवर्षं शाकाहारी असणाऱ्यांत आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडणं नवलाचं नाही.

चष्मा. नवा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा लागल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर जिना उतरताना तुम्ही खालच्या, वाचायच्या काचेतून पायरी बघताय का ते पाहा. अशा काचेतून पायरी धूसर दिसते आणि ती नीट दिसावी म्हणून मान विचित्र वळवली जाते.

मानेची खूण: गरगर कमी, डुलल्यासारखं, हलकं-हलकं वाटणं जास्त. मान दुखते तेव्हाच हे वाढतं, मान सैल झाली की कमी होतं. एक साधी चाचणी करता येते. फिरत्या खुर्चीवर बसा, समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नजर ठेवा आणि डोकं अजिबात न हलवता पायांनी खुर्ची हळूच उजवीकडे वळवा, तिथे थोडं थांबा, मग डावीकडे. यात कान स्थिर राहतो आणि वळते फक्त मान. नंतर डोकं आणि धड एकत्र, एका तुकड्यात वळवा; आता मान स्थिर आणि कान फिरतोय. फक्त पहिल्या वेळी हेलकावल्यासारखं झालं तर संशय मानेवर. एवढ्यावर निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगायला ही माहिती उपयोगाची असते.

## टप्पा २: जागा आणि सामान

खोलीचा कोपरा निवडा. पाठीमागे दोन भिंती, पुढ्यात जड, न घसरणारी खुर्ची, तिची पाठ तुमच्याकडे. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, तोल गेल्यावर तीही सोबत येते. अनवाणी उभे राहा. फरशी कोरडी हवी. पायपुसणं, सतरंजी बाजूला सारा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तो दुसऱ्याच्या हातात द्या, कारण स्वतः बघायला गेलात की मान खाली जाते आणि मोजणीच बिघडते.

गेल्या वर्षभरात पडला असाल किंवा वय ६५ च्या पुढे असेल तर शेजारी माणूस उभा असल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. रिकाम्या पोटी, तापात किंवा झोपेची गोळी घेतल्यावरही नको.

## टप्पा ३: आजचा तोल मोजून लिहा

लोक ही पायरी टाळतात आणि तीन आठवड्यांनी ‘फरक वाटत नाही’ म्हणतात. आकडा लिहिलेला नसेल तर फरक कळणार कसा?

प्रत्येक स्थितीत ३० सेकंद, हात अंगालगत सोडलेले:

1. पाय खांद्याएवढे रुंद, डोळे उघडे; मग मिटून.
2. दोन्ही पावलं चिकटवून, डोळे उघडे, मग मिटून.
3. एका पावलाच्या बोटांपुढे दुसऱ्या पावलाची टाच, एका रेषेत, डोळे उघडे.
4. एका पायावर, डोळे उघडे. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा.

पाऊल हललं, हाताने काही धरलं किंवा मिटायचे असताना डोळे उघडले की घड्याळ थांबवा आणि सेकंद लिहा. त्याशेजारी आणखी एक गोष्ट लिहा: उभे कसे होतात? श्वास रोखला होता का, दात आवळले होते का, पायाची बोटं फरशी पकडत होती का? काही जण ३० सेकंद पूर्ण करतात, पण खांब होऊन. तो तोल खरा नाही, आखडून मिळवलेला आहे.

थांबा: पावलं चिकटवून डोळे मिटल्यावर काही सेकंदांतच पडायला झालं तर पुढे जाऊ नका, डॉक्टरांकडे जा. निव्वळ मानेच्या दुखण्यात इतकं सहसा होत नाही.

एका रेषेत पावलं ठेवून डोळे मिटणं मुद्दाम यादीत घेतलेलं नाही. धडधाकट माणसालाही ते जड जातं आणि त्यातून घरी काहीच कळत नाही.

## टप्पा ४: मानेला जागा कळते का?

डोकं मध्यावर आहे हे तुमच्या मानेला डोळ्यांशिवाय कळतं का, ते इथे दिसतं. फिजिओ हीच चाचणी दवाखान्यात करतात. घरी करायला एक छोटा लेझर पॉइंटर, टोपी किंवा हेअरबँड आणि चिकटपट्टी पुरते. लेझर कपाळाच्या मध्यावर पक्का बसवा. समोर आरसा किंवा काच नको आणि लहान मुलं खोलीबाहेर. हा किरण डोळ्यात जाता कामा नये.

पाठीला आधार असलेल्या खुर्चीत, भिंतीपासून डोकं ९० सेंटिमीटर दूर राहील असे बसा. भिंतीवर कागद लावा, सहज समोर बघताना लेझरचा ठिपका पडतो तिथे खूण करा आणि तिच्याभोवती ७ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. आता डोळे मिटा, डोकं सावकाश उजवीकडे दुखणार नाही इतपतच वळवा आणि ‘मध्यावर आलो’ असं वाटेल तिथे परत आणून थांबा. ठिपका जिथे पडला तिथे सोबतच्या माणसाने पेन्सिलीने खूण करावी. मगच डोळे उघडा, मध्यावर या आणि पुन्हा. उजवीकडे ६ वेळा, डावीकडे ६, वर बघून परत ६.

या अंतरावर ७ सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेचार अंश. सरासरी चूक त्याच्या आत असेल तर मानेची जाणीव ठीक आहे, तुमचं काम टप्पा ५ आणि ७ वर जास्त आहे. ठिपके वर्तुळाबाहेर जात असतील, किंवा कधी इकडे कधी तिकडे उधळत असतील, तर टप्पा ६ तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

नेहमीच्या चुका दोन. झटक्याने परत येणं आणि डोक्याबरोबर खांदे वळवणं. दोन्हींत आकडा खोटा येतो.

## टप्पा ५: आधी मान शांत करा

मान ठणकत असताना तोलाचा व्यायाम करणं म्हणजे चुकीच्या काट्यावर वजन करणं. पहिला आठवडा-दोन आठवडे फक्त हे करा.

उताणे झोपा. डोक्याखाली टॉवेलची इतकीच घडी ठेवा की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. जीभ टाळूला, दात किंचित सुटे. आता कुणाला न कळेल असा ‘हो’ म्हणा: हनुवटी अगदी थोडी गळ्याकडे, डोकं टॉवेलवरून न उचलता. १० सेकंद धरा, सोडा. अशा १० वेळा, दिवसातून दोनदा. बोटं मानेच्या पुढच्या बाजूला हलकी ठेवा. तिथले जाड दोर ताठ झाले तर जोर जास्त होतोय, निम्मा करा. सहाव्या-सातव्या वेळी थरथरायला लागलं तर तिथेच थांबा, उद्या तेवढंच.

हा व्यायाम इतका छोटा आहे की लोकांना तो व्यायामच वाटत नाही. मग ते डोकं उचलून धरतात आणि ज्या स्नायूंना विश्रांती हवी त्यांनाच राबवतात.

याशिवाय शेक बरा वाटत असेल तर घ्या. मान उजवी-डावी सहज वळेल तितकी वळवत राहा. हाडाला किंवा नसेला इजा असताना डॉक्टरांनी बांधायला सांगितली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी दिवसभर कॉलर बांधून फिरू नका. त्याने स्नायू आणखी आळशी होतात. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन सध्या बंद.

तपासा: दुखणं १० पैकी ३-४ च्या आसपास उतरलं आणि रात्री जाग येत नाही, तर पुढे चला.

## टप्पा ६: मान आणि डोळे यांची जुळणी

टप्पा ४ चीच मांडणी आता सरावासाठी वापरा. आधी डोळे उघडे ठेवून ठिपका मध्यावरून उजवीकडे न्या आणि परत आणा. मग डोळे मिटून तेच. उघडून बघा किती चुकलं, दुरुस्त करा. इथे बघून दुरुस्त करणं हाच व्यायाम आहे. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं. जमू लागलं की कागदावर काढलेल्या सरळ रेषेवरून, नंतर आडव्या पडलेल्या ८ वरून ठिपका सावकाश फिरवा.

डोळ्यांचं काम बसूनच. डोकं स्थिर, हात लांब करून अंगठा डावी-उजवीकडे न्या आणि फक्त डोळ्यांनी त्याच्यामागे जा, ३० सेकंद. मग उलट: अंगठा स्थिर, नजर त्यावर, डोकं ‘नाही’ म्हणाल तसं हळू. अंगठ्याच्या नखाची कड धूसर झाली तर वेग कमी करा.

थोडं हलकं वाटेल, तेवढं चालतं. ते १० पैकी ३ च्या आत हवं आणि काही मिनिटांत ओसरायला हवं. मळमळ किंवा डोकेदुखी संध्याकाळपर्यंत टिकली तर उद्या निम्मंच करा. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने चालू असतील तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा, कारण त्या मेंदूची नव्याने जुळवून घेण्याची क्रियाही मंदावतात. मनाने मात्र बंद करू नका.

## टप्पा ७: आता उभं राहा

पुन्हा तोच कोपरा, तीच खुर्ची. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. पाय जवळ घेतले तर आधी डोळे उघडेच ठेवा. डोळे मिटले तर डोकं स्थिर ठेवा.

1. पाय लांब, डोळे उघडे, डोकं सावकाश डावी-उजवीकडे, मग वर-खाली. ३० सेकंद, ३ वेळा.
2. पावलं चिकटवून तेच.
3. पावलं चिकटवून, डोळे मिटलेले, डोकं स्थिर.
4. एक पाऊल अर्धं पुढे. जमलं की पूर्ण एका रेषेत. आधी डोकं स्थिर, मग डोक्याच्या हालचाली.
5. चादरीच्या जाड घडीवर पाय लांब ठेवून. उशी किंवा गादी नको, तिच्यात घोटा मुरगळतो.
6. घराच्या पॅसेजमध्ये चालत, दर तीन पावलांनी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे बघत. कुणीतरी बरोबरीने चालावं.

सलग तीन दिवस एक पायरी आखडल्याशिवाय जमली की पुढची. आखडताय का, हे कळायची सोपी युक्ती म्हणजे उभ्या उभ्या बोलणं: १०० पासून उलटे आकडे म्हणा किंवा घरच्यांशी भाजीचा हिशोब करा. आवाज अडकला तर श्वास रोखलाय.

उभं कसं राहायचं, याबद्दल. ‘छाती पुढे, खांदे मागे, हनुवटी आत’ असं सैनिकासारखं उभं राहू नका. मान दुखणारा माणूस आधीच आखडलेला असतो, त्यावर हा आणखी बोजा. वजन दोन्ही तळव्यांवर टाच आणि चवडा यांत वाटलेलं, गुडघे कुलूप न लावता सुटे, डोक्याचा माथा किंचित वर गेल्यासारखा. बस. मान थोडी पुढे आलेली दिसते म्हणून आरशासमोर झगडू नका. तशी मान असलेल्या अनेकांना काहीच दुखत नाही. एकाच स्थितीत तास-तासभर राहणं जास्त त्रास देतं.

## टप्पा ८: घरातल्या धोक्याच्या जागा

व्यायाम दिवसाला वीस मिनिटं, बाकीचा दिवस घरातच जातो. मान वर, टाचा वर आणि हात डोक्यावर, या तिन्ही गोष्टी एकदम आल्या की तोल जातो. उंच दोरीवर कपडे वाळत घालताना, माळ्यावरून काही काढताना, पंखा पुसताना हेच होतं. दोरी खाली घ्या. माळ्याचं काम सध्या दुसऱ्याकडे. केस धुताना डोळे मिटून मान मागे टाकण्यापेक्षा स्टुलावर बसून धुवा. ओट्यापाशी बराच वेळ उभं राहायचं असेल तर एक पाय आळीपाळीने पाटावर ठेवा. रात्री बाथरूमपर्यंतच्या वाटेवर छोटा दिवा जळू द्या. एसटीत किंवा लोकलमध्ये उभ्याने जायची वेळ आली तर खांब धरा, वरची कडी धरून मान वर ठेवू नका. आणि मागची गाडी बघायला मान वळवली की हेलकावत असेल, तर तोवर दुचाकी चालवू नका.

## पुन्हा मोजणी

दर दोन आठवड्यांनी टप्पा ३ आणि ४ तसेच पुन्हा करा: तीच जागा, तीच वेळ, तोच माणूस. लेझरचे ठिपके आणि उभं राहण्याचे सेकंद एकाच वेळी सुधारतील असं नाही. त्यामुळे पहिल्या मोजणीत सेकंद तेच राहिले म्हणून सोडून देऊ नका. चार ते सहा आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा मान बरी झाली तरी तोल तसाच राहिला, तर टप्पा १ मधलं काहीतरी नजरेतून सुटलंय असं समजा. जाताना एक्स-रेच्या पिशवीबरोबर मोजणीचा कागदही न्या. त्यावर ठळक लिहा: चक्कर किती सेकंद टिकते, अंथरुणात येते की उभ्याने, आणि मान न हलवताही येते का. डॉक्टर हे तीन प्रश्न विचारणारच आहेत.